उलटा ठेवलेला ओढा

"नदी आधी पायांनी काढायची, मग हातानं. खोरं चालून ये आणि मगच पेन्सिलीला टोक कर."

वडिलांचं हे बजावणं तिला रोज आठवायचं, आणि रोज ती खुर्ची टेबलाजवळ आणखी ओढून बसायची. नकाशा कार्यालयात तिला सगळे 'नदीबाई' म्हणत. एकवीस वर्षांत बाईंनी अकरा नद्या काढल्या. एकीतही पावलं भिजवली नव्हती. पहाटेची प्रार्थना कधी चुकली नाही, आठवड्याचं मौन कधी मोडलं नाही. खोरं चालून येण्याचा वडिलांना दिलेला शब्द तेवढा गुडघे बरे होण्याची वाट बघत होता. शब्द दिला तेव्हा गुडघे ठणठणीत होते, ते सोडा.

खोऱ्याचा पूर-नकाशा उद्या छपाईला जायचा होता. गावाला तपासायला पाठवलेली प्रत काखोटीला मारून एक नावाडीण दारात उभी राहिली.

"नदीबाई तुम्हीच ना? आमच्या दारी अजून नळ नाही आला, तुम्ही तर अख्खा ओढा आणलात!"

"म्हणजे?"

"ओढा पलीकडच्या काठाला मिळतो, बाई. तुम्ही तो आमच्या घरांमागून काढलात. तिथं टेकाड आहे. पूर आला की आम्ही त्यावरच चढतो. पुरात कुठं पळायचं ते दाखवणारा तुमचा बाण मात्र म्हणतो, पूल ओलांडा. म्हणजे सरळ ओढ्याच्या तोंडी! तीस घरं आहेत हो."

बाईंनी मूळ कागद काढले. नदीचा एक, ओढ्यांचा एक, दोन्ही पारदर्शक. ओढ्यांचा कागद त्यांनी पालथा ठेवला होता. चारही कोपऱ्यांच्या खुणा तंतोतंत जुळल्या होत्या, आणि त्यावर स्वतःचीच पाठ थोपटून त्यांनी चहा मागवला होता. खुणा कागद पालथा असला तरी जुळतात, हे त्या दर वर्षी नवख्यांना शिकवत.

"कागद सुलटा करा, बाण फिरवा, झालं," आवाज ऐकून आलेले कार्यालयाचे साहेब म्हणाले.

"बाण कुठे फिरवू? टेकाडाची वाट मला कुठे ठाऊक आहे?"

"तुम्हाला? तुम्ही तर नदीबाई!"

"खुर्चीतली," त्या हळूच म्हणाल्या. "दोन दिवस छपाई थांबवा, साहेब. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

नावाडीण त्यांच्या नाजूक चपलांकडे बघत होती. "चढ आहे बरं का. दम लागेल."

"लागू दे. एकवीस वर्षांचा साठवलेला आहे."

बाईंनी वही घेतली, पाण्याची बाटली भरली. पेन्सिल टोक न करता तशीच पर्समध्ये टाकली, आणि कुणाचा निरोप न घेता नावाडिणीच्या मागोमाग जिना उतरू लागल्या.