भिंगरी लाथेची सोयरीक

चंपतभाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, जैनथच्या बसस्टँडाजवळ व्हिडिओ गेमची मशीन आणून बसवली, तेव्हा सासूबाईंना ते कपाट वाटलं. "याले दार कुठी आहे?" म्हणत त्या तिच्याभोवती फिरून आल्या. मग पडद्यावर निळ्या पटक्याचा एक उघडा पैलवान उड्या मारायला लागला आणि त्यांनी पदर पुढे ओढला. परका पुरुष तो परकाच.

त्या खेळाचे नंतर बरेच भाग आले. दर भागात पैलवानाचे कपडे बदलले, लाथ मात्र तीच राहिली. एक पाय आडवा ताणायचा, जमिनीवरून उठायचं, आणि गरगर फिरत समोरच्याचं थोबाड चांगलं पुसून काढून मगच खाली उतरायचं. आमच्याकडे तिला भिंगरी लाथ म्हणत. ती काढायला मशीनचा दांडा खालून मागे वळवायचा आणि त्याच दमात बटण दाबायचं. गावात हे एकट्या भाऊजींना जमायचं. अख्खा पावसाळा त्यांनी तिच्यापायी घातला होता. झोपेतही अंगठा हलायचा.

आता अडचण अशी, की जैनथच्या जत्रेत त्यांनी वांकिडीची रुख्मिणी पाहिली होती आणि मन तिथेच ठेवून आले होते. तिचे वडील माणिकराव कापसाचे शेतकरी, बोलायला सरळ. मशीन म्हणजे जुगार, आणि जुगाऱ्याला पोरगी देणार नाही, असा निरोप त्यांनी पाठवला. पोळ्यापासून भाऊजी ताटातली भाकरी तोडायचे नाहीत, नुसते भाकरीकडे पाहत बसायचे. शेवटी आमच्या घरच्यांनीच माणिकरावांना गळ घातली, दसऱ्याला सोनं द्यायला या, मशीन डोळ्यांनी पाहा, मग काय ते सांगा. ते हो म्हणाले.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा. वखर, तिफण, विळे, मोटारपंप, माझी शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून ओळीने मांडलेलं. सासूबाईंनी ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, ज्याच्यावर पोरगं पोट भरते त्यालेच काऊन सोडलं? ताट घेऊन निघाल्या त्या स्टँडाकडे, मी मागून. हळद लावली, कुंकू लावलं, दांड्याला झेंडूची माळ घातली, साखर ठेवली. नारळ मशीनच्याच कोपऱ्यावर फोडला आणि त्याचं पाणी देवाला वाहावं तसं दांड्यावर वाहिलं. दांड्याभोवतीच्या फटीतून ते साखरेसकट आत गेलं. मशीन बंद होती म्हणून सासूबाई वाचल्या. भाऊजी तेव्हा दाढी करायला गेले होते.

संध्याकाळी माणिकराव आपट्याची पानं घेऊन आले. सगळा स्टँड गोळा झाला. भाऊजींनी त्यांना मशीनपुढे उभं केलं आणि समजावलं, हे नशिबाचं काम नाही, हाताचं आहे. नशिबाने भिंगरी लाथ निघत नाही, तिला मेहनत लागते. माणिकरावांनी औषध विकायला आलेल्याचं ऐकावं तसं ऐकलं, सदऱ्याची बाही वर सारली आणि एक बटण दाबलं.

भिंगरी लाथ निघाली.

दुसरं बटण दाबलं. पुन्हा भिंगरी लाथ. तिसऱ्यालाही तीच.

"हेच का थे?" माणिकराव म्हणाले.

भाऊजींच्या तोंडचं पाणीच पळालं. मग त्यांना दांड्याच्या बुडाशी वाळलेला कुंकवाचा ओघळ दिसला. साखरपाण्याने दांडा आतून चिकटला होता, आता नुसतं बटण दाबलं तरी लाथ निघत होती. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई मशीनला हात जोडून उभ्या होत्या. मशीन बिघडली एवढं म्हटलं असतं तर भाऊजींची अब्रू राहिली असती. पण सोयरीक राहिली नसती.

"मामाजी," ते म्हणाले, "हात उपजत आहे तुमचा."

माणिकराव खुलले. त्यांनी भाऊजींना मशीनच्या दुसऱ्या दांड्यावर, आपल्याविरुद्ध खेळायला बोलावलं.

तो दांडा कोरडा होता. आणि खेळणाऱ्या कोणालाही ठाऊक होतं, की आपला गडी खाली बसवला की भिंगरी लाथ डोक्यावरून जाते. भाऊजींनी बसवला नाही. तहसीलदारापुढे शिपाई राहावा तसा त्यांचा गडी ताठ उभा. लाथ आली, गडी पडला, उठला, पुन्हा ताठ. चहावाल्या मोतीरामला बघवेना. "चंपत, बस ना खाली," तो ओरडला.

"माहे गुडघे दुखून राह्यले," भाऊजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

लाईट जाईपर्यंत हेच चाललं. त्या स्टँडावर आजवर कोणाकडून न हरलेला माणूस सगळ्यांदेखत मार खात होता, आणि हसणाऱ्यांकडे वळूनही पाहत नव्हता. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

माणिकरावांनी दुपट्ट्याने घाम पुसला. "जुगार नाही हा," ते म्हणाले. "जुगारात माणूस हारते बी." आणि भाऊजींच्या हातात सोनं दिलं. कापूस घरात आला की लग्न, असं ठरलं.

लग्न झालं. तोवर मशीनमध्ये मुंग्यांनी संसार थाटला होता. आदिलाबादचा मिस्त्री आला, हिंदीत आम्हा सगळ्यांचा उद्धार केला आणि दांडा साफ करून गेला. त्या दिवशी भाकऱ्या थापता थापता मी रुख्मिणीला सगळी हकिगत सांगितली. हसता हसता तिची भाकरी मोडली. मोडलेला गोळा तिने परत मळायला घेतला.

"मंग हे मुद्दाम उभे राह्यले?"

"लाईट जाईपर्यंत," मी म्हटलं.

पुढे माणिकराव लेकीला पहिल्यांदा माहेरी न्यायला आले. बसमधून उतरले तेच बाही वर सारून. पाणी पिऊन लगेच मशीनकडे जायचं म्हणाले. दांडा तर आता साफ होता; भाऊजी त्यांना बसवून ठेवायला कापसाचा भाव विचारत होते, उत्तर आलं तरी परत विचारत होते.

आत रुख्मिणी चुलीपाशी बसून कानाजवळ नारळ हलवून पाहत होती. मी विचारलं, कोणत्या देवाला गं?

"देवाले नाही, बाबाले," ती म्हणाली, आणि तो ठेवून जास्त पाण्याचा दुसरा उचलला.