वास जिन्यापर्यंत

एनिडच्या जिन्यातल्या तिसऱ्या पायरीवरचा गालिचा मुळीच सैल झालेला नव्हता. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही कोपरे ओढून पाहिले, तो जागचा हलेना.

"निघालाय ना?" स्वयंपाकघरातून एनिड ओरडली.

"थोडासा," मी म्हणालो. बाईने मदतीला बोलावलं असताना काम नाहीच, असं कसं सांगायचं?

"मग बस तिथे आणि नीट ठोक. घाई करू नकोस. उठूही नकोस."

मी खिळा तोंडात धरला आणि बसलो.

एनिड क्लेग माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. मी बस चालवायचो तेव्हा तिचा नवरा आर्थर माझा कंडक्टर होता. तो गेल्याला नऊ वर्षं झाली. एनिडने क्रॅगडेनच्या शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं डाव फिरवला, आणि निवृत्त झाल्यावर चॅपलचं, म्हणजे आमच्या छोट्या चर्चचं, स्वयंपाकघर हातात घेतलं. या खोऱ्यात पन्नाशीच्या आतलं असं कुणी नाही, ज्याने तिच्या हातचं खाल्लेलं नाही आणि तिच्या शिव्याही खाल्लेल्या नाहीत.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना तो तिच्या नाकातला वास घेऊन गेला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं. एका सकाळी मी अंडी उसनी मागायला गेलो, तर शेगडीवर दूध करपून काळं झालेलं, घरात नाक धरावं अशी घाण, आणि ही पाठ करून शांतपणे मोजे विणत बसलेली. मला बघून म्हणाली, "ये क्लिफ, दूध तापतंयच, चहा टाकते."

मी गुपचूप शेगडी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला तिच्याकडे जायला लागलो. बगलेत पेपर असायचा. शब्दकोडं सोडवायचं निमित्त. खरं काम एवढंच, की दारात उभं राहून गॅस सुटलाय का ते हुंगायचं. दोन वर्षांत मी तिच्यासमोर 'वास' हा शब्द काढला नाही. चहा छान झालाय म्हणायचो, रंग छान आलाय म्हणायचो. स्वयंपाकिणीला नाक नाही हे चारचौघांत गेलं असतं, तर चॅपलच्या बायकांनी हळहळत, पाठीवर हात फिरवत तिच्याकडून स्वयंपाकघराची किल्ली काढून घेतली असती. आणि त्या किल्लीशिवाय एनिड म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात यंदा चॅपलचं जुनं कपाट साफ करताना एक वही सापडली. दीडशे वर्षांपूर्वी गिरणीमालकाच्या घरी काम करणाऱ्या कुणा बाईने हाताने लिहिलेली. शरदातले पदार्थ तिच्यात सगळे होते: सफरचंदाचे, नासपतीचे, मेलेल्यांच्या नावाने वाटायच्या वड्यांचे. आणि पार्किनही. ओटचं भरड पीठ, काळी काकवी, सुंठ आणि चरबी यांचा हा आमचा केक नसेल, तर पाच नोव्हेंबरच्या शेकोटीला लोक येतील, पण बोलणार नाहीत. इतिहास मंडळाच्या मार्जरी बूथने जाहीर करून टाकलं, की यंदाचं पार्किन या वहीतलं होणार आणि ते एनिड करणार. वर गोड आवाजात असंही म्हणाली, "फार होत असेल तर सांग हं एनिड. या वयात कुणी नावं ठेवणार नाही."

झालं. आता पार्किन बिघडणं एनिडला परवडणार नव्हतं.

मी तिसऱ्या पायरीवर बसून न निघालेला गालिचा ठोकत होतो. हळूहळू वास आला. आधी काकवीचा, मग सुंठेचा, मग भाजलेल्या ओटचा. भूक खवळली. तोंडून 'अहाहा' निघणारच होतं, ते मी खिळ्याबरोबर दाबून धरलं.

"कसं चाललंय?" स्वयंपाकघरातून आवाज.

"ठीक."

पाच मिनिटांनी पुन्हा. "काही विशेष?"

"विशेष काय असणार जिन्यात?"

वास वर माडीपर्यंत गेला. मग त्याला कडवट धार आली. एनिड दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघून गेली. पुन्हा आली. मी पायरीकडे बघत राहिलो. शेवटी मात्र राहवेना.

"एनिड, काढ! जळतंय!"

ती धावली. ओव्हनचं दार आपटलं. मी आत गेलो तेव्हा ताट ओट्यावर होतं, कडा काळ्या, आणि एनिड कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"तुला वास आला नाही?"

"आला."

"कधी?"

"झाला की अर्धा तास."

"मग मेल्या, बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तिने वही माझ्यापुढे आपटली. जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मंद आचेवर ठेवावे, वास जिन्यापर्यंत पोचला की काढावे. घड्याळ नाही, आच किती त्याचा आकडा नाही. पार्किन पहिल्यापासून काळं, रंगावरून कळत नाही. सुरी घातली तर चिकटच निघते.

"जिन्यात कशाला बसवलं होतं तुला? गालिचा ठोकायला?"

"म्हणजे तुला माहीत होतं, की मला माहीत आहे?"

"क्लिफ," एनिड म्हणाली, "दोन वर्षं तू रोज कालचा पेपर आणतोस. त्यातलं कोडं पबमध्ये कुणीतरी आधीच सोडवलेलं असतं. आणि दारात उभा राहून कुत्र्यासारखं नाक वर करतोस. मला वास येत नाही, दिसतं चांगलं."

मी खुर्चीत बसलो. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. तीही बसली. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी आर्थर होता तेव्हाच पाहिला होता.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू विचारलं का नाहीस?"

आम्ही खोऱ्यातली माणसं अशीच. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी हवापाण्याचं विचारू.

मग पार्किनकडे वळलो. मी बोटाने टकटक केलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. इथे मी वीट घेतली असती.

"दुसरं करू," मी म्हणालो.

"वेळ नाही. चॅपलच्या बाकीच्या वड्या कोण करणार?" तिने करपलेल्या कडा कापल्या, तुकडे पत्र्याच्या डब्यात रचले, वर सफरचंदाची एक फोड ठेवली आणि झाकण दाबलं. "पार्किन परत येतं. माझी आई म्हणायची, आठ दिवस डब्यात राहू द्या, कितीही रुसलेलं असो, मऊ होऊन येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर किल्ली मार्जरीला. आणि झाकण उघडून बघितलंस तर हात मोडीन."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज साडेसातला जायचो, डब्याकडे बघायचो, परत यायचो.

पाच तारखेला धुकं होतं. चॅपलमागच्या मैदानात शेकोटी पेटली, राजाला उडवायला निघालेल्या जुन्या कटवाल्याचा पुतळा जळाला, पोरं किंचाळली. मार्जरीने वही काचेखाली मांडली होती. एनिडने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

पहिला तुकडा मार्जरीने उचलला. बोटांत धरला आणि तो वाकला. दाताला लागताच तो तुटला आणि थोडा चुरा तिच्या शालीवर पडला. माझा जीव भांड्यात पडला.

"अगं बाई," मार्जरी भरल्या तोंडाने म्हणाली. "एनिड, इतकं मऊ! आणि काय वास आहे!"

एनिडने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा, शाळेच्या जेवणघरातल्या आवाजात म्हणाली, "वासाचं मला विचारू नका. मला दोन वर्षं वास येत नाही. नाक क्लिफचं, हात माझा."

मग मार्जरीने दुसरा तुकडा उचलला. "मग पुढच्या वर्षीही दोघं मिळून करा," ती म्हणाली. किल्लीचं नावही कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी एनिडकडे गेलो. बगलेत पेपर नव्हता. दार उघडंच होतं आणि ती कपात चहा ओतत होती.

"सांग," ती मागे न वळता म्हणाली.

मी उंबऱ्यावर उभा राहून उघडपणे नाक वर केलं.

"गॅस नाही. चहा आहे. आणि डब्यातल्या पार्किनचा अजून आहे थोडा."

"जिन्यापर्यंत?"

मी जिन्याशी गेलो आणि तिसऱ्या पायरीवर बसून नीट हुंगलं.

"हो," मी म्हणालो. "जिन्यापर्यंत."