लाँड्रीची दुसरी गाडी

माझ्या धाकट्या बहिणीची लाँड्री आहे. गाडी एकच, पांढरी, बाजूला मोठा निळा बुडबुडा. पोलिसांना नेमका तो बुडबुडाच आवडला. त्यांनी तशीच दुसरी गाडी रंगवून घेतली आणि तिच्यातून वेगाने जाणाऱ्यांना अडवू लागले. ना दिवा, ना पट्टे.

आठवड्यात सगळ्यांना कळलं. मग बहिणीची गाडी आरशात दिसली की पुढचे सगळे करकचून ब्रेक दाबायचे आणि खिडकीतून लायसन्स बाहेर धरायचे. एकाने तर सीटबेल्ट नाही म्हणून हात जोडून माफी मागितली. सायकलवर होता तो!

रस्ता अरुंद, त्यामुळे वाट बंद. इस्पितळाच्या चादरी आठला पोचायला हव्यात, त्या दोनदा साडेनवाला पोचल्या. मेट्रनबाई कडाडल्या, "उद्या उशीर झाला तर काम दुसऱ्याला! ऑपरेशनच्या टेबलावर काय वर्तमानपत्र अंथरू?"

दुसऱ्या दिवशी मी सोबत निघालो. पूल येईपर्यंत समोर लांबच लांब रांग.

"दादा, उतर आणि सांग त्यांना, आम्ही कपडे धुतो म्हणून!"

मी सांगितलं. पहिला गृहस्थ हसला. "हो साहेब, कळतं आम्हाला," म्हणाला आणि लायसन्स माझ्या हातात कोंबून भुर्रकन गेला.

"अरे, मग घे ना सगळ्यांची!" बहीण ओरडली. "त्याशिवाय हलणार नाहीत हे!"

उशीचा अभ्रा घेऊन मी धावत सुटलो. घेतलं लायसन्स, की गाडी पसार. तोंडं बघायला वेळ कुणाला? आठला दोन मिनिटं कमी असताना चादरी पोचल्या. मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं, बुडबुडा पाहिला आणि हळूच पर्समधून लायसन्स काढलं. बहिणीने कपाळावर हात मारून घेतला.

तिथून तडक पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे. बहिणीने अभ्रा टेबलावर उपडा केला. एकशे त्रेसष्ट लायसन्सं!

"तुमचं काम आम्ही केलं. उद्यापासून आमच्या चादरी तुम्ही पोचवा."

"बाई, आमची अशी गाडीच नाही," साहेब म्हणाले. "आणि ती गुप्त आहे."

"मग हा फोटो कुणाचा?" तिने ढिगातलं एक लायसन्स उचललं.

साहेबांचाच होता. सकाळी साध्या कपड्यांत, घाईत पुलावरून निघाले होते बिचारे. त्यांनी लायसन्स झटकन खिशात टाकलं. मग त्यांनी कागद ओढला आणि हुकूम लिहिला: पट्टे आणि दिवा असलेल्या गाडीनेच लोकांना अडवायचं.

हुकूम गावभर झाला, फक्त बुडबुड्याच्या गाडीतल्या दोन शिपायांनी वाचला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाला अडवलं. त्याने खिडकीतून शर्टांचं गाठोडं दिलं. "गुरुवारपर्यंत हवेत. कॉलरला खळ कमी."

दोघे मुकाट्याने ते गाठोडं दुकानात घेऊन आले. बहीण नुकतीच इस्पितळातून परतली होती, चादरी पावणेआठलाच पोचवून. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"पावती दिलीत का त्यांना?"