मेणाचा दोरा

गाडी थरथरत होती आणि तिच्यापुढं शे-दीडशे माणसं हात जोडून उभी होती. दूध सोसायटीच्या पत्र्याच्या शेडसमोर, चारच्या उन्हात, बॉनेट उघडं टाकलेली ती जुनी अमेरिकन पिकअप जागच्या जागी हुडहुडी भरल्यासारखी हलत होती. आतून फूत्कार येत होता. स्स्स... स्स्स...

"आली, आली! अंगात आली!" एक म्हातारा ओरडला आणि त्यानं गुलालाची मूठ थेट रेडिएटरवर मारली.

गर्दीच्या कडेला, सगळ्यांपासून चार हात लांब, अयोध्याबाई उभी होती. हात जोडलेले नव्हते. गावातल्या बौद्ध वस्तीचं, अकरा घरांचं दूध तीच रोज सोसायटीत आणून घालायची. गेले सहा दिवस ते दूध गाडीत चढलं नव्हतं. पहिले दोन दिवस तिनं चार कोस चालत शीतकेंद्रावर नेलं. दोन्ही दिवस वाटेतच फाटलं. सोसायटीचा नियम होता, सलग सात दिवस दूध आलं नाही की सभासदाचं नाव कमी. उद्याचा सातवा.

ही गाडी बहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडणाऱ्या परदेशी मिशनबरोबर आली. मिशन गेलं, गाडी सोसायटीला मिळाली. तिला क्लच नव्हता. सुकाणूजवळची खुंटी एकदा खाली ओढली की ड्रायव्हर व्यंकटच्या डाव्या पायाला दिवसभर काम नसायचं. गिअर आपोआप पडायचे. सात-आठ वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग या उन्हाळ्यात गाडी गिअर बदलताना असा दणका द्यायला लागली की दुधाचे कॅन एकमेकांवर आदळायचे, झाकणं उडायची आणि व्यंकट कण्हायचा. दणका बसायचा तोही नेमका ओढ्यापल्याडच्या बाभळीजवळ.

एवढं भांडवल वीरभद्र महाराजांना पुरेसं होतं. नळदुर्गाकडून आलेला हा माणूस. भगवी लुंगी, मनगटावर घड्याळ, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायलाही जागा मिळू नये.

"गिअर आपुआप पडतो म्हणता? अरे, जगात आपुआप काय पडतं? बदलणारं कुणीतरी आत बसलंय! ह्याच गाडीनं बोअरची मशीन वढली. पाताळाला भोकं पाडली. पाण्यातल्या साती आसरांच्या, त्या देवींच्या न्हाणीघरात पहार घातली रे तुमी! सा जणी पळाल्या, सातवी हितं बसली. थोरली!"

मग त्यांनी इंजिनाखाली फडकं फिरवून वर धरलं. फडक्यावर लाल ओल. बायकांनी किंकाळी फोडली.

बोअरच्या कँपात अयोध्या दोन वर्षं पाणी भरत होती. त्या गिअरपेटीचं तेल मुळातच लाल असतं, त्याचे डबे तिनं डोक्यावर वाहिले होते. तसं ती तेव्हाच म्हणाली, पण तिचं ऐकतं कोण!

महाराजांनी पडदा धरायला लावला, "कुणी बगायचं न्हाय, डोळे जातील" म्हणून बजावलं, आणि इंजिनाला सात जागी सात दोरे बांधले. आणि खरंच, दणका थांबला! महाराजांना थोरलीच्या नावाचं लुगडं मिळालं, कोंबडी मिळाली, तुपाचा डबा मिळाला. पाच दिवसांनी दणका परत आला. महाराज डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "इटाळ झालाय. वस्तीवरलं दूध चढतंय का गाडीत?"

चेअरमन आबारावांनी त्याच दिवशी वस्तीचं दूध गाडीत न घेण्याचा ठराव लिहिला. मुळात त्यांना निमित्तच हवं होतं.

आज महाराज विटाळ काढायला पुन्हा आले होते. ताटात सात दोरे, कुंकू, लिंबं. पडदा धरायला दोघं पुढं झाले.

"म्हाराज," अयोध्या कडेवरूनच बोलली, "एक इचारू का?"

"कोण बोललं?" महाराजांनी मान वळवली नाही.

"जिच्या दुधाचा इटाळ व्हतो, ती. मागल्या बारीचे तुमचे सातबी दोरे दणका परत आल्यावर व्यंकटनं काढून ठिवले हायती. म्या बघितले. सा दोरे कोरडे. मेण एकालाच. का हो?"

गर्दीत कुजबुज झाली. महाराज हसले. "सातवी थोरली. तिला थोरल्याचा मान."

"मंग आज मेणाचा दोरा दुसऱ्या जागी बांधा. देवी त्याच गाडीत हाय, जागा बदलली म्हणून ती का वळखणार न्हाय?"

"अयोध्ये!" आबाराव उसळले. "लई शाणी झालीस! मागं सर!"

"सरते, चेरमनसाब. पर आधी त्यांना बांधू द्या की. बॅटरीला बांधा, न्हायतर त्या भोंग्याला बांधा."

महाराजांचा हात ताटावरच थांबला. "शास्त्रात जागा ठरलेली हाय," ते म्हणाले. आवाज आता पूर्वीसारखा पाझरत नव्हता.

"कंच्या शास्त्रात? फिटरच्या?"

पहिलं हसू मथुराबाईचं फुटलं. ही आबारावांची थोरली भावजय. सहा दिवसांत तिचंही दूध दोनदा सांडलं होतं. "भावजी, बांधू द्या की त्यास्नी भोंग्याला. बगू तरी थोरली वाजती का!"

अयोध्या तोवर गाडीपाशी पोचली होती. "हात लावू नगंस! इटाळ!" दहा तोंडांनी एकदम ओरडा झाला. एकानं ढेकूळ उचललं. व्यंकट ड्रायव्हरच्या दारातून उतरून तिच्या बाजूला उभा राहिला. तो शूर नव्हता, पण त्याची कंबर कामातून गेली होती. "लाव अक्का," तो हळूच म्हणाला. "पंखा तेवढा संभाळ."

तिनं कान खाली नेला. फूत्कार येत होता तो इंजिनाच्या अंगाला लागलेल्या करंगळीएवढ्या जाड रबरी नळीतून. नळीला चीर होती. चिरेभोवती वितळलेल्या मेणाचा काळा ओघळ. तिनं चिरेवर बोट दाबलं.

फूत्कार थांबला. थरथर थांबली. गाडी दूध पिऊन झोपलेल्या लेकरासारखी घुरघुरत राहिली.

तिनं बोट काढलं. स्स्स... गाडी पुन्हा हुडहुडली. बोट लावलं, शांत. काढलं, थरथर. चार वेळा.

आणि मग भलतंच झालं. गुलाल उधळणारा तो म्हातारा पुढं आला आणि तिच्या पायाशी वाकला. "माय, तुज्यातच हाय थोरली! आमी वळखलं न्हाय!" मागून दोन बायका पदर सावरत सरसावल्या. सहा दिवस जिची सावली नको होती, तिचे पाय आता हवे होते. महाराजांचा चेहरा उजळला. धंदा बुडत नव्हता, नुसता हात बदलत होता.

"उठा आजा!" अयोध्या कडाडली. "माज्या बोटात काय बी न्हाय! मथुराक्का, तुमी या. लावा बोट."

मथुराबाईनं लावलं. गाडी शांत.

"चेरमनसाब, आता तुमी."

"मी कशाला?"

"भ्या वाटतं का, भावजी?" मथुराबाईनं विचारलं.

आबारावांनी अंगठीचं बोट पुढं केलं. गाडी शांत. त्यांनी बोट काढलं, गाडी थरथरली. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा लावताना तर ते लहान पोरासारखे रंगात आले होते.

"बगा," अयोध्या म्हणाली. "बोट कुणाचं का असंना. नळीला जात कळत न्हाय. कँपातला फिटर म्हणायचा, ही नळी गिअरपेटीचा कान हाय. इंजिन हवा वढतं. त्या वढीवरनं पेटीला समजतं, वझं हलकं हाय का जड. हलकं आसंल तर गिअर हळू टाकायचा, जड आसंल तर जोरात. नळी चिरली, वढ पेटीपत्तुर पोचंना. तिला वाटतंय सारखा घाटच चढायलोय, म्हणून हाणती दणका. आमची कडूबाई बगा. कान गेल्यापास्नं भांडं आपटूनच ठिवती. तिला का आसरानं धरलंय?"

"आन् बाभळ?" कुणीतरी अजून सोडत नव्हतं. "दणका बाभळीलाच का?"

"ओढा चढून गाडी तितंच वेग घेती, तितंच गिअर पडतो," उत्तर व्यंकटनं दिलं. "माघारी येताना पुलापाशी बसतो. म्या सांगितलं नव्हतं. कुणी इचारलंच न्हाय."

महाराज कुठंत म्हणून सगळ्यांनी मागं पाहिलं. ताट जमिनीवर होतं, महाराज येरमाळ्याच्या फाट्याकडं झपाझप चालले होते. व्यंकटनं डोळे बारीक केले. "अरं, ह्यो तर हायवेच्या गॅरेजात नट धुवायचा! पयल्याच दिशी आवाज वळखला आसंल त्यानं." चीर बुजवणारं मेण इंजिनाच्या उष्णतेनं वितळायला जेवढे दिवस लागतात, तेवढेच दिवस देवी शांत राहत होती.

व्यंकटनं सीटखालून रबरी नळी काढली. "पेट्रोल वढायची हाय," तो म्हणाला, आणि मग जीभ चावून, "आडीअडचणीला." तिचा वीतभर तुकडा कापून त्यानं तारेनं आवळला. फूत्कार गेला.

आबाराव खाकरले. माफी त्यांच्या तोंडात बसणारी नव्हती. "उद्यापास्नं आणा दूध."

"उद्या न्हाय," अयोध्या म्हणाली. "सांजचं दूध आत्ता तयार हाय. गाडी वस्तीवर न्या. आन् तो ठराव हितंच सगळ्यांदेखत खोडा."

आबारावांनी मथुराबाईकडं पाहिलं. ती फाट्याकडं पळणाऱ्या भगव्या लुंगीकडं पाहत होती. आबारावांनी खिशातलं पेन काढलं.

त्या संध्याकाळी गाडी पहिल्यांदाच वस्तीच्या चिंचोळ्या वाटेनं शिरली. अयोध्या पुढच्या सीटवर व्यंकटशेजारी बसली होती, पाठ ताठ करून, दणक्याची वाट पाहत. दणका आला नाही. गिअर कधी पडला ते कळलंही नाही. दारात बसलेल्या कडूबाईला तर गाडी आल्याचंच समजलं नाही. पुढ्यात चाक दिसलं तेव्हा ती दचकली, आणि मग तिनं दुधाची चरवी उचलून गाडीत ठेवली. दणकन.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, एवढंच सांगायचं. कुणी पडदा धरून "बघू नका, हात लावू नका" म्हणालं, की तिथंच बघा आणि तिथंच आधी बोट लावा. पंखा तेवढा सांभाळून.