भिकू सारंगाचं पान

कणकवलीच्या डॉक्टरांनी शिवाला घरी न्या म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून वाडीत एकच प्रश्न फिरू लागला. त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या तोंडावर कोणी विचारत नसे. पण ती विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं मध्येच तुटायचं आणि रहाटाची करकर तेवढी ऐकू यायची. शिवाला आग कोण देणार?

मूल नव्हतं. माहेरचा माणूस या कामाला चालत नाही. आणि शिवाला भावकी नव्हती. खाडीच्या तोंडावरची ती वाडी म्हणजे एकाच खोडाच्या फांद्या. एका घरात मरण आलं की सगळ्या वाडीला सुतक, होड्या वाळूवर, देव पारोसे. फक्त शिवा ताऱ्याच्या घराचं सुतक कुणाला लागत नव्हतं आणि कुणाचं सुतक त्या घराला लागत नव्हतं. शिवाचा आजा भिकू जुन्या काळी एका तुफानात फळीला धरून या वाळूवर लागला. वाडीने त्याला वाचवलं, जेवू घातलं, पुढे मुलगीही दिली. खाडीवर तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवायचा म्हणून तारी झाला. गाव विचारलं तर म्हणायचा, "देवगडच्या अंगाचो," आणि मान फिरवायचा. त्याला एकच मुलगा रामा. रामाला एकच शिवा. तिथे संपलं.

शेजारचा गणपत मनाचा चांगला. एका सकाळी पेडवे माशांचे वाटे द्यायला आला तेव्हा दारापुढच्या खळ्यातच उभा राहून म्हणाला, "वयनी, कित्याक घोर करतंस? मी आसंय मा."

"तू आसंस ता माका ठाव आसा रे." सुगंधाचा आवाज इतका हळू की समोरच्याला कान द्यावा लागे. "पण धा दिस भायर बसाचा लागतला. हंगाम तोंडार इलो. तुजी बायल माका गाळी घालतली."

"ती आतासून घालताच!" गणपत हसला. "मी घराक जाळी आणतंय आणि म्हावरा थोडा. गाळी काय नवी?"

आत खाटेवर शिवाने ऐकलं होतं. पोट फुगून घागरीसारखं झालं होतं, हातापायांच्या काड्या. गणपत गेल्यावर तो म्हणाला, "गो, गणपत भावासारखो खरो. पण माका परक्याच्या हातान जावचा नाय. जन्मभर ह्या वाडयेत पावणो म्हणान रवलंय. जाताना तरी माजो कोणतरी होवो."

सुगंधाने सोमवार धरले होते, एकादशी धरली होती, रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय तिने चहा घेतला नव्हता. देवाकडे आजवर काही मागितलं नव्हतं. व्रत मागण्यासाठी धरायचं नसतं, असं तिला आईने सांगितलेलं. त्या दिवशी मात्र तिने मागितलं. नवऱ्याला वाचव असं नाही; ते होणार नाही हे ती जाणून होती. त्याच्या रक्ताचा एक माणूस दाखव, एवढंच.

देव काही घरी येऊन सांगत नाही. ती मालवणच्या वाचनालयात गेली. शिवाचं पाणी, औषध करायला गणपतची सून दुपारी येऊन बसायची, तेवढा वेळ तिला मिळे.

वाचनालयात समीक्षा नावाची मुलगी होती, नुकती लागलेली. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली, पायात वहाणा न घालता आत आलेली बाई बघून ती म्हणाली, "काकी, पोथ्या पलीकडच्या कपाटात."

"पोथी नको गो. माका माणूस व्हयो."

समीक्षाला आधी हसू आलं. मग तिने खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. जुनी साप्ताहिकं बांधून ठेवली होती, माळ्यावर. पण वर्ष ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. काय काय वाचणार?

"तुमच्या आजेसासऱ्यांचं दुसरं काही आठवतं? सणवार, उपास?"

सुगंधाने त्यांना पाहिलं नव्हतं, पण सासूच्या तोंडून ऐकलेलं आठवलं. "त्रिपुरी पुनवेक जेवत नसत. दर्यात नारळ सोडूक जात आणि थंयच बसान रवत."

"म्हणजे तुफान तेव्हाचं असणार. आपण प्रत्येक वर्षाचं फक्त कार्तिक महिन्यातलं बघायचं."

मग श्रावणातल्या कितीतरी दुपारी सुगंधा त्या लांब बाकावर बसून राहिली. समीक्षा एकेक बाड आणून ठेवायची. कागद तपकिरी, कडेने चुरा होणारा. सुगंधा पोथीसारखं बाडाला हात लावून कपाळाला लावायची आणि मग पान उलटायची. कुणाची म्हैस हरवली, कुठे कीर्तन झालं, सुपारीचा भाव पडला, कुठल्या बंदराला गलबत लागलं. ती ओठ हलवत वाचायची, एक ओळ सोडायची नाही. समीक्षा म्हणायची, "काकी, जाहिराती कशाला वाचता?" तर ही म्हणे, "काय सांगाचा, तो तेच्यातय असात."

जाहिरातीत नव्हता. एका कोपऱ्यात चार ओळींत होता. 'मिठबाव येथील सारंगांचे गलबत पौर्णिमेच्या तुफानात सापडून बुडाले. तांडेल केसो व त्याचा धाकटा भाऊ भिकू यांचा तपास लागत नाही.'

समीक्षा आनंदाने टाळी वाजवणार होती, पण सुगंधाचा चेहरा बघून थांबली. सुगंधा केसोच्या नावावर बोट ठेवून बसली होती. थोरला भाऊ दर्यात गेला आणि धाकटा फळी धरून आला. घरी जाऊन वहिनीला तोंड कसं दाखवणार? आजोबा मान का फिरवत, ते तिला तिथे बसल्या बसल्या कळलं.

तरी नावासारखी नावं असतात. खात्री करायला ती ओरोसच्या जिल्हा कचेरीत गेली. जन्ममृत्यूची जुनी दप्तरं बघायची, असं सांगितल्यावर कारकुनाने विचारलं, "जातीच्या दाखल्यासाठी का?"

"नाही. घरासाठी."

"घराचा उतारा तलाठ्याकडे मिळेल, बाई."

"भिंतींचं नाही हो साहेब. माणसांचं."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. दोनदा उद्या या म्हणाला, तिसऱ्यांदा वाळवीने अर्धं खाल्लेलं मिठबावचं दप्तर घेऊन आला आणि मोडी अक्षर लावून लावून वाचू लागला. गोपाळ सारंग, व्यवसाय गलबत. मुलगा केसो. काही पानांनंतर पुन्हा गोपाळ सारंग, मुलगा भिकू. सासू सांगायची त्या वयाशी जन्मसाल जुळत होतं.

त्या संध्याकाळी तिने शिवाला सांगितलं. तो म्हणाला, "सारंग." पुन्हा म्हणाला, "शिवा रामा सारंग. बरा वाटता मा गो ऐकूक?" दुसऱ्या दिवशी त्याने न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. भावकी येईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

जायचा दिवस सुगंधाने निवडला, आणि तिथेच ती चुकली. सर्वपित्रीला म्हाळासाठी सगळी भावकी एका घरात जमते, म्हणजे एकाला सांगितलं की दहांच्या कानी जाईल, असा तिचा विचार. मिठबावला उतरून सारंगांचं घर विचारलं, नारळीच्या बागेतून चालत गेली. खळ्यात पुरुषमंडळी बसली होती. केसोचा पणतू तुकाराम घरातला कर्ता. त्याची आई यमुनाबाई, ऐंशीच्या पुढची, पडवीच्या पायरीवर उभी राहून कौलांवर ठेवलेल्या पितरांच्या केळीच्या पानांना एकेक करून हाक मारत होती. सासरे झाले, दीर झाले. शेवटचं एक पान जरा लांब ठेवलेलं.

"भिकू आजयानू, येवा. तुमच्या आवडीचे वडे केलेत. दर्यातसून भुकेले इलात, जेवा आणि जावा."

सुगंधाचे पाय खिळले. शंभर वर्षांत कोणी विसरलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती चटकन पुढे होऊन म्हातारीच्या पाया पडली.

"आये, मी तेंच्याच घरची. भिकू आजयांची नातसून."

खळ्यातली माणसं वळून बघू लागली.

"खुळी काय तू?" यमुनाबाई म्हणाली. "तेंका बायल खंय होती? मिशयो फुटूच्याय आदी गेले ते."

सुगंधाने हळू आवाजात सगळं सांगितलं. फळी, वाळू, तर, रामा, शिवा. आवाज ऐकू येईना म्हणून माणसं जवळ सरकली. मग तुकारामाचा एक चुलत भाऊ मोठ्याने हसला.

"मगे इतकी वर्सां आमी जेवण कोणाक घातला रे? कावळ्यांक?"

"गप रव," तुकाराम त्याच्यावर ओरडला. त्याचा रंग उतरला होता. तो सुगंधाकडे वळला. "बाय, तू खोटा बोलणस नाय, तुज्या तोंडार दिसता. पण ऐक. केसोचा प्रेत मिळाला. भिकूचा मिळाला नाय. आवशीन बारा वर्सां वाट बघली. मगे दर्भाचो मनीस केलो, नारळाची तकली केली आणि मसणात नेवन जाळलो. धा दिस सुतक धरला, पिंड घातले. तेवा तो जितो होतो म्हणतंस?"

"होय," सुगंधा म्हणाली. "तेवा माजे सासरे जल्माक इले असतीत. नायतर येवचे असतीत."

"म्हणजे जित्या माणसाक जाळलो आमी," यमुनाबाई म्हणाली आणि पायरीवरच बसली.

सुगंधाने शिवाचं मागणं सांगितलं. तुकाराम नाही म्हणाला नाही. भटजींना विचारतो, देवाला कौल लावतो आणि मुलाला, सुदेशला पाठवतो म्हणाला. तिला जेवून जायला सांगितलं. ती जेवली. वडे तोंडात फिरत होते.

सुदेश कार्तिकात आला, मोटरसायकलवरून. वीस-बावीसचा पोरगा. पडवीत बसला, पण पाणी दिलं ते हातात धरून राहिला.

"काकी, बाबांनी सांगूक सांगल्यान." तो जमिनीकडे बघत पाठ केल्यासारखं बोलत होता. "ज्याचा क्रियाकर्म झाला तो घरातसून गेलो. तेच्या मागची पोरां आमच्या सुतकात येनत नाय. भटजीय तसाच म्हणतत आणि कौलय उजवो झालो नाय. आमका आग देवक येवक गावाचा नाय."

"बरा," सुगंधा म्हणाली.

"आनी..." तो थांबला. "भिकू आजयांचा पान आमी आता घालूचव नाय. तेंका मागे कोण नाय म्हणान आमी घालीत होतव. आता तेंचो वंश आसा म्हणान कळला. ता पान आता तुमचा."

सुगंधाला वाटलं, आपल्या छातीवर कोणी हात ठेवून मागे लोटलं. एक माणूस आणायला गेले होते मी. होता तो घासही काढून घेऊन आले. त्या आजोबांना निदान बुडालेल्याचं पान मिळत होतं.

"आजी खूप रडली," सुदेश हळूच म्हणाला. "ती म्हणत होती, ह्या बायेन सांगूकच नको होता."

तो गेल्यावर ती आत आली. शिवा जागा होता. घर एवढंसं, भिंतीतून सगळं ऐकू जात होतं. तिने दिव्याची वात सारायचं निमित्त करून दुसरीकडे तोंड केलं. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं तर त्याने ऐकलंच होतं.

"ते येनत नाय, ता ऱ्हवांदे," शिवा म्हणाला. दम लागत होता, एकेक शब्द सुटा येत होता. "पण आजयाचा पान बंद केल्यानी?"

"मी घालतलंय. मी आसंय तवसर मी घालतलंय."

"आनी मगे?"

ती त्याचं पांघरूण सारखं करू लागली.

"मी आता थंयच जातंय गो," तो म्हणाला. "तेणा इचारल्यान, माजा जेवण खंय गेला, तर तेका काय सांगू?"

ती त्याचे पाय चेपत बसली. पायांवर बोटांचे खड्डे उमटत होते आणि भरून यायला वेळ लागत होता. त्यानंतर शिवाने सारंग हे नाव तोंडातून काढलं नाही. समीक्षाने एसटीच्या कंडक्टरबरोबर त्या चार ओळींची झेरॉक्स पाठवली होती. सुगंधाने ती त्याला दाखवली नाही.

मार्गशीर्षात, गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, शिवा गेला. गणपतने कुणाला न विचारता लाकडं फोडायला घेतली, होडी वाळूवर ओढली आणि मडकं खांद्यावर घेतलं. त्याची बायको दारात उभी होती. तिने त्या दिवशी गाळी घातल्या नाहीत. वाडीतले पुरुष सगळे गेले, जसे पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचवायला जातात, आणि खाडीत बुडी मारून आपापल्या घरी आले.

गावकऱ्यांच्या घरात मरण आलं असतं तर जत्रा पुढे गेली असती. शिवासाठी तसं कारण नव्हतं. आग दिली म्हणून गणपत आपल्या पडवीत वेगळा बसला, तेवढंच. दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. पालखी खालच्या वाटेने आली, घराघरांपुढे थांबली, बायकांनी ओट्या भरल्या, पोरांनी केळी लुटली. सुगंधाने लग्न झाल्यापासून एकही वर्ष पालखीची ओटी चुकवली नव्हती.

ढोल तिच्या खळ्यापाशी आले तेव्हा तिने आत होऊन दार ओढून घेतलं. सुतकातल्या घरापुढे देव थांबत नाही. भोई पावलं न तोडता पुढे गेले. तिने अंधारात हात जोडले, मग सोडले. सुतकात हात जोडायचे की नाहीत, ते सांगायला घरात कोणी नव्हतं.