पिन टोचली, वहिनी बोलली नाही

लोणखेडा रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या चाकापासून पोरांच्या सायकलीपर्यंत जे जे बसतं ते माझ्याकडे येतं. पण त्या रविवारी माझा मोठा भाऊ छगनदादा काखेत स्टीलचा डबा दाबून आला तेव्हा मला वाटलं, कानबाईच्या प्रसादाचा रोट आधीच वाटायला लागले की काय.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. सुरत, नाशिक, जिकडेतिकडे पांगलेले भाऊबंद झाडून येतात. कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन नाचायचा मान घरातल्या मोठ्या सुनेचा. म्हणजे आमच्यात नर्मदावहिनीचा.

दुकानात एक गिऱ्हाईक ट्यूब घेऊन उभं होतं. ते म्हणालं, "काय छगनआप्पा, लाडू का?"

दादा भिंतीकडे बघायला लागला. मी त्या माणसाला चहा प्यायला पिटाळलं आणि डबा उघडला. आत मऊ धोतराचं फडकं. फडक्यात वहिनीची ती वस्तू.

"तुन्ही वहिनीनी शे," दादा म्हणाला. "गळी ऱ्हायनी. सकाळलोंग काही व्हई का?"

दोन वर्षांपूर्वी सुरतेला वहिनीचं ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू काढली. गावात आम्ही पोटाची गाठ सांगितली. नंतर तिथल्याच एका दुकानातून ही सिलिकॉनची आणली. ब्लाऊजच्या आत घालायची, चांगली वजनदार. वहिनी रोज संध्याकाळी ती साध्या साबणानं धुवायची, टिपून कोरडी करायची, तिच्या तिच्या खोक्यात पालथी ठेवायची. हे सगळं मला माझी बायको दीपमाला सांगायची. मी कधी बघितली नव्हती. दीर काय बघणार!

आता ती माझ्या हातात होती.

आणि मी कोण? होळीला वहिनीला पुरणाऐवजी कापूस भरलेली पोळी वाढणारा. तिनं उलट माझ्या लेंग्याची नाडीच शिवून टाकली होती, भर लग्नात. तीस वर्षं आमचं हेच चालू. गावात कुणाची चप्पल झाडावर सापडली की लोक आधी माझ्या घरी येतात. पण ऑपरेशन झाल्यापासून मी वहिनीची एक मस्करी केली नव्हती. काय करायची तेच सुचत नव्हतं.

"कसं झालं?" मी विचारलं.

दादा लगेच घराकडे निघाला. ते मला दीपमालानं फोनवर सांगितलं, ती तिथंच होती. दुपारी रुखमाबाई, आमची चुलतभावजय, वहिनीला उद्याची साडी नेसवून बघत होती. नाचताना पदर सुटायला नको म्हणून तिनं पदर छातीशी ओढला आणि कचकन पिन मारली. पिन पूर्ण आत गेली. वहिनी आरशात बघत म्हणाली, "नीट बसना का वं पदर?"

ना आई गं, ना काही.

रुखमाबाई पिनेकडे बघत राहिली. मग उठून तिनं खोलीचं दार लावलं आणि पिन हळूच काढली. टोकाला काहीतरी चिकट होतं. तिनं एक शब्द विचारला नाही. ही तीच रुखमाबाई, जी भाजीवाल्याला त्याच्या सासुरवाडीचं गोत्र विचारते.

मी कामाला लागलो. सवयीनं टबात बुडवली. बुडबुडा कुठून येणार, आत हवाच नाही! पुसली, दाबून बघितली, तर बारीक भोकातून गोंदासारखं बाहेर आलं. सोल्युशन लावलं, पॅच ठेवला. बोट लावलं तर पॅच ओल्या कागदासारखा निघून आला. गरम पॅच मारावा म्हणून शेगडी पेटवायला घेतली, पण हात आखडला. ही काय बुलेटची ट्यूब आहे का?

डब्यात तळाशी सुरतेच्या दुकानाचं कार्ड होतं. फोन लावला. एक बाई बोलली.

"बेन, पंक्चर झालंय. गरम पॅच मारू का?"

"अरे भाई, ट्यूब नथी!" ती ओरडलीच. "कोण बोलतंय? पेशंटचे कोण तुम्ही?"

"दीर."

 मग मोडक्या मराठीत तिनं सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. सोल्युशन लावू नका, गरम करू नका, दाबू नका. साबणानं धुवा, चिकटपणा राहायला नको. पूर्ण वाळू द्या. मग मेडिकलमधली कापडी टेप भोकावर चिकटवा, कडा बोटानं बसवा. रोज बघा, टेप सुटली तर नवी लावा. हे तात्पुरतं आहे, पुढे नवीनच घ्यावी लागेल. आणि पिन, नखं, मांजर, तिन्हींपासून लांब ठेवा.

"मांजर?"

"आमच्याकडे तशीपण एक आली होती," ती म्हणाली.

मी हात तीनदा धुतले तरी काळे ते काळेच. शेवटी हाताला पिशवी बांधून धुतली. पंख्याखाली ठेवून वाळवली. टेप लावली. शटर अर्धं ओढून बसलो होतो, बाहेर कुणी हाक मारली की सांगायचो, "जेवी ऱ्हायनू!"

दिवेलागणीला डबा घेऊन घरी गेलो. पुढच्या खोलीत कानबाई बसलेली, नारळाला नथ, केळीचे खांब, बाया गाणी म्हणताहेत. वहिनी मागच्या ओट्यावर एकटीच बसली होती. मी डबा ठेवला आणि दुसरीकडे बघत उभा राहिलो.

"काय बिल झायं?" ती म्हणाली.

"उधारी मांडी ठेवी."

हसली. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्यावर हसली. मग तिनं डाव्या हाताची बाही वर केली. हात कोपरापासून सुजून टम्म झाला होता, बांगड्या रुतल्या होत्या.

"हाऊ वर जात नही, भिकन. खांदालोंग जास, बस."

"दादाले माहीत शे?"

"नही. आणि सांगू नको. त्याले समजनं तर तो माले कानबाई उचलू देत नही." तिनं बाही खाली ओढली. "डॉक्टरनी मांगला महिनाले सांगं, परत ऊनं म्हणे. आते पाठले. आवंदानी कानबाई मन्ही शेवटली शे. माले फक्त ती डोकावर लेवानी शे. बाकी लोकेसले काही दिसाले नको."

दुखणं परत आलं होतं, आता पाठीत, आणि मी डब्याच्या झाकणाची उघडझाप करत होतो. तिलाच कीव आली असावी. म्हणाली, "जाय, हात धू. टायरना वास ई ऱ्हायना."

सोमवारी सकाळी वहिनी हिरव्या साडीत बाहेर आली. दोन्ही बाजू सारख्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, छातीवर एकही पिन नाही. ते रुखमाबाईचं काम. दादानं चौरंग उचलून वहिनीच्या डोक्यावर ठेवला. उजव्या हातानं तिनं तो धरला. डावा हात कडेला कसाबसा टेकवला, ओठ दाबून. ढोल सुरू झाला आणि वहिनी निघाली. नाचली सुद्धा. मोठी पावलं नाहीत, पण ठेका चुकला नाही. आयाबाया आरती घेऊन पुढे येत होत्या, पायांवर पाणी टाकत होत्या.

मी पुढे उलटा चालत होतो, लोकांना हसवत, एक डोळा तिच्या कोपरावर ठेवून.

मारुतीच्या पाराशी कोपर खाली यायला लागलं. चौरंग डावीकडे झुकला. वरचा नारळ हलला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. कानबाई पडली असती तर गाव वर्षभर तेच बोललं असतं. तिनं स्वतःहून खाली दिली असती तर लगेच दहा बायांनी विचारलं असतं, काय वं, काय झालं, हाताला काय झालं?

मी उडी मारून मधे घुसलो आणि चौरंगाला हात घातला.

"थांबा रे! ढोल बंद! दरसाल मोठा घरनीच का? रुखमावहिनीनी काय घोडं मारं? आते तिनी पाळी!"

आणि ओढलाच चौरंग. रुखमाबाई कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. डोकं पुढे करून तयारच होती. चौरंग तिच्या डोक्यावर गेला, नारळ जागचा हलला नाही.

मग जो गलका झाला! आमचे दोधूकाका काठी घेऊन धावले. "येडा शे का तू? देवीनी मस्करी करस?" एका भाऊबंदानं माझी कॉलर धरली. दादा तर पांढराफटक पडला होता. त्याला वाटलं, पिऊन आलोय.

वहिनी दोन क्षण उभी राहिली. डावा हात पदराखाली गेला होता. श्वास घेतला आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडली, "मुडद्या! भरल्या मिरवणुकीत मन्हा मान काढी लिधा! थांब तू. पुढला वरीसले कानबाईना वारा बी लागू देणार नही तुले!"

लोक हसले. बाया म्हणाल्या, जाऊ द्या बाई, त्याचं नेहमीचंच आहे. ढोल पुन्हा वाजला. मी कान पकडून उठाबशा काढल्या. वहिनी रागारागानं माझ्या शेजारून पुढे गेली, आणि जाता जाता उजव्या हाताची बोटं माझ्या मनगटाला एकदा लावून गेली.

गोमाई नदीपर्यंत ती चौरंगामागे चालत राहिली.

नंतर मी म्हटलं, नवीन आणू सुरतेहून. ती नको म्हणाली. "हाईच पुरे." आठवड्यातून एकदा रुखमाबाई मेडिकलची टेप घेऊन यायची, दार लावायची, आणि दोघी आत बसायच्या. काय बोलायच्या माहीत नाही. कधी कधी हसण्याचा आवाज यायचा.

दिवाळीनंतर वहिनी गेली.

दहाव्याला आम्ही दोघं भाऊ ओट्यावर बसलो होतो. माणसं पांगली होती. दादा कितीतरी वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भिकन, त्या दिवशी कानबाई तिले नदीलोंग लई जाऊ देवाले पाहिजे व्हतं तू."

"हो दादा," मी म्हटलं. "चुकनं मन्हं."