दिवसाला किती पेले?

मित्रांनो, मी एक जुना, चार घड्या पडलेला कागद आहे. माझ्या अंगावर अकरा प्रश्न छापलेले आहेत. सातव्यावर पेन्सिलीची जाड काट आहे. ती कशी पडली, तेवढेच सांगतो.

माझा जन्म असुन्सिओन शहरात, लोकांच्या सवयींची पाहणी करणाऱ्या एका कचेरीत झाला. तिथल्या निदियाने मला इतापुआ भागातल्या येर्बाच्या, म्हणजे चहासारख्या वाळवलेल्या पाल्याच्या, गिरणीसाठी तयार केले. गिरणीचे मालक आनिबाल यांना शंका होती की, येर्बावर गार पाणी ओतून केलेला तेरेरे लोक आता फारसा पीत नाहीत. पाहणीत तसे निघाले, तर अर्ध्या किलोचे पुडे भरणारी शेड ते बंद करणार होते. तिथे बारा बायका कामाला होत्या.

वेळ थोडा होता. निदियाने कॉफीच्या पाहणीचा जुना कागद काढला आणि ‘कॉफी’च्या जागी ‘तेरेरे’ घातले. माझा सातवा प्रश्न झाला : ‘तुम्ही दिवसाला किती पेले तेरेरे पिता?’ मला तो फार रुबाबदार वाटे.

सहाशे प्रती छापण्याआधी ती मला घेऊन गिरणीच्याच गावात दहा घरे फिरायला निघाली. मला राग आला. माझी कसली परीक्षा?

नऊ घरांतून एकच उत्तर आले, ‘एक’. निदियाचा चेहरा उतरला. दहावे घर देओलिंदामावशींचे. आंब्याखाली आठ जण गोल करून बसले होते. मावशी शिंगाच्या पेल्यात बर्फाचे पाणी ओतत आणि पुढच्याच्या हाती देत. रिकामा झाला की पेला परत त्यांच्याकडे.

“मावशी, दिवसाला किती पेले?”

“एक.”

“एकच?”

“मग काय, माणशी एकेक शिंग? बैल आहोत का आम्ही?” सगळे खो खो हसले. “पेला एक, तोंडं आठ. तुझ्या घरी मोजतेस वाटतं?”

“नाही हो,” निदिया ओशाळली. मग हळूच म्हणाली, “बरं, अर्ध्या किलोचा पुडा किती दिवस पुरतो?”

“सोमवारी फोडला की बुधवारी सकाळी झटकायचा. पाहुणे आले तर मंगळवारीच. सुनेला विचार की, तीच भरते ते पुडे शेडमध्ये!”

निदियाने तिथेच माझ्यावर काट मारली. तेव्हा मला फार लागले. ती उरलेल्या नऊ घरी परत गेली, नवा प्रश्न विचारला, आणि मगच छपाई झाली.

सहाशे घरांचा हिशेब आला : पुडा दोन-तीन दिवसांत संपतो. आनिबाल यांनी आकडा दोनदा वाचला. “म्हणजे पितात की भरपूर!” शेड चालू राहिली. निदियाने खुर्चीला पाठ टेकून डोळे मिटले. माझाही जीव भांड्यात पडला. तो ‘एक’ मालकांपर्यंत गेला असता तर?

मित्रांनो, कुणाला काही विचारायचे असेल, तर आधी त्याच्या अंगणात थोडे बसा. आणि काट मारलेला कागद फेकू नका. निदिया प्रत्येक नव्या पाहणीआधी मला खणातून काढते. सातव्या प्रश्नाखाली एक हिरवट गोल डाग आहे. मावशींनी ओला पेला माझ्यावर टेकवला होता. छापलेल्या अकरा प्रश्नांपेक्षा ती तो डागच जास्त वेळ पाहते.